चिनी भाषेचे दुसरे वर्ष: कोकणातील विद्यार्थ्यासाठी मार्गदर्शक

विद्यापीठाच्या चिनी अभ्यासक्रमातील पहिले वर्ष उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला साधारणपणे स्वतःची ओळख करून देता येते, वेळ आणि किंमत विचारता येते आणि काही शे अक्षरे वाचता येतात. दुसऱ्या वर्षी, म्हणजे बहुतेक ठिकाणी ज्याला पदविका म्हणतात त्या टप्प्यावर, धडा एकदम लांब होतो, संवादाच्या जागी सलग उतारे येतात आणि अक्षरांच्या डोक्यावरचे पिन्यिन, म्हणजे रोमन लिपीतील उच्चारलेखन, नाहीसे होते. एचएसके या चीनच्या प्रमाण परीक्षेतही हीच रेषा आखलेली आहे: जुन्या सहा पातळ्यांच्या रचनेत पहिल्या दोन पातळ्यांच्या प्रश्नपत्रिकेत पिन्यिन छापलेले असते, तिसरीपासून ते नसते. त्या रचनेत तिसऱ्या पातळीला ६०० शब्द, चौथीला १२०० आणि पाचवीला २५०० शब्द अपेक्षित आहेत. २०२१ साली लागू झालेली नऊ पातळ्यांची मानके याहून कडक असून त्यांत चौथ्या पातळीपर्यंत ३२४५ शब्द धरलेले आहेत. दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम ढोबळमानाने जुन्या तिसऱ्या आणि चौथ्या पातळीच्या दरम्यान चालतो.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगडच्या किनाऱ्यावरून हा अभ्यास करणाऱ्याची अडचण निराळी आहे. त्याचा वर्ग बहुधा मुंबईत किंवा पुण्यात शनिवार-रविवारी भरतो, किंवा संगणकाच्या पडद्यावर भरतो. वर्गाबाहेर चिनी बोलणारे माणूस भेटत नाही. त्यामुळे पुस्तक पाठ होते, अक्षरे सुबक येतात, पण वाक्य कानावर पडले की त्यातले काहीच ओळखू येत नाही. म्हणूनच या लेखाचा सारा रोख एकाच गोष्टीवर आहे: दुसऱ्या वर्षाचा प्रत्येक धडा डोळ्यांच्या आधी कानांतून आत आला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारा वेळ अभ्यासक्रम देत नसल्याने तो विद्यार्थ्याने स्वतः काढला पाहिजे.

सत्र सुरू होण्यापूर्वी: उच्चारांची डागडुजी

पहिल्या वर्षाच्या पुस्तकातील शेवटच्या चार-पाच धड्यांचे ध्वनिमुद्रण पुस्तक न उघडता ऐकावे. निम्म्याहून कमी समजत असेल तर नवे काही हाती घेण्याआधी तेवढेच धडे पुन्हा ऐकावेत. त्यानंतर आपले वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करून मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐकावे. या तुलनेत जे दोष दिसतात ते बहुतेक मराठी भाषकांत सारखेच असतात, आणि त्यांतले बरेचसे इंग्रजी अक्षरांवर विसंबल्यामुळे आलेले असतात.

पिन्यिनमधील बी, डी आणि जी ही अक्षरे पाहून आपण ब, द, ग म्हणतो; प्रत्यक्षात ते उच्चार प, त, क यांच्या जवळचे आहेत, आणि पी, टी, के हे फ, थ, ख यांच्या जवळचे. म्हणजे चिनी भाषा जो भेद करते तो अल्पप्राण आणि महाप्राण यांचा आहे, आणि तो आपल्या वर्णमालेत लहानपणापासून पक्का आहे. इंग्रजी माध्यमातून शिकवणाऱ्या पुस्तकांना जे समजावण्यासाठी तोंडापुढे कागद धरायला सांगावा लागतो, ते मराठी माणसाला प आणि फ म्हटले की कळते. मात्र फ म्हणताना ओठ पूर्ण मिटले पाहिजेत, कारण दात ओठाला लावून काढलेला फ चिनीत वेगळा वर्ण म्हणून आहेच. या लेखातील चिनी शब्द याच हिशेबाने लिहिले आहेत. देवनागरीतले हे लेखन अंदाजापुरते आहे, त्यावर सूर, म्हणजे अक्षराचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, दाखवलेले नाहीत.

च-वर्गात आपला फायदा आणखी आहे. चोर या शब्दातला च म्हणजे पिन्यिनचा झेड, आणि चिमणीतला च म्हणजे जवळपास पिन्यिनचा जे. छत्रीतला छ हा क्यूच्या जवळ जातो आणि शीळ या शब्दातला श एक्सच्या जवळ. सी या अक्षराला मात्र मराठीत जोड नाही: चोरातला च घेऊन त्यावर ह-काराचा जोर द्यावा लागतो. झेडएच, सीएच, एसएच हे तीन वर्ण ट म्हणताना जीभ जिथे वळते तिथून काढायचे असतात. शब्दाच्या शेवटच्या नासिक्य वर्णाकडेही लक्ष द्यावे. रंग म्हणताना आपण शेवटचा ग स्पष्ट उच्चारतो, चिनीत तो ग उच्चारला जात नाही. नुसता नाकातला ङ उरतो.

सुरांचे काम यापेक्षा चिवट आहे. सुटा शब्द म्हणताना चारही सूर बरोबर येतात आणि वाक्यात सगळे कोसळतात, हा दुसऱ्या वर्षाचा ठरलेला अनुभव आहे. याचे एक कारण असे की तिसरा सूर पुस्तकात खाली जाऊन वर येणारा दाखवलेला असला तरी वाक्यात दुसऱ्या कोणत्याही सुरापुढे तो नुसता खाली राहतो, आणि दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिल्याचा दुसरा होतो. नकारार्थी पु हा चौथ्या सुरापुढे दुसऱ्या सुरात जातो. दुसरे कारण आपल्या बोलीत आहे. मालवणी असो वा संगमेश्वरी, वाक्याच्या शेवटाला तिचा स्वतःचा हेल असतो, आणि तो चिनी वाक्यावर नकळत चढतो. यावर उपाय म्हणजे सुटे शब्द घोकणे बंद करून दोन अक्षरी शब्दांच्या सुरजोड्या घोकणे. चार सूर आणि त्यांपुढे येणारे चार सूर व एक निःसूर अक्षर मिळून वीस जोड्या होतात. प्रत्येक जोडीसाठी पाठातलाच एक शब्द निवडून ती यादी भिंतीवर लावावी आणि नवा शब्द आला की तो कोणत्या जोडीत बसतो ते आधी ठरवावे.

एक धडा, एक आठवडा

वर्गाच्या तीन दिवस आधी धड्याचे ध्वनिमुद्रण नुसते ऐकावे. पुस्तक मिटलेले असावे. कोण बोलत आहे, कुठे, कशाबद्दल, एवढे कळले तरी पुरे. दुसऱ्या दिवशी एकेक वाक्य थांबवून जे ऐकू आले ते पिन्यिनमध्ये सुरांसह लिहावे, आणि मगच पुस्तक उघडून जुळवावे. या कामाला वेळ लागतो आणि पहिले काही आठवडे ते निराश करणारे असते, पण ऐकण्यातली चूक नेमकी कुठे होते हे दाखवणारे दुसरे साधन मला तरी माहीत नाही. बहुतेकदा असे दिसते की न समजलेला शब्द अनोळखी नव्हताच. तो वेगात म्हटला गेल्याने ओळखीचा वाटला नाही. तेव्हा या टप्प्यावर नवे शब्द वाढवण्याची घाई करण्यापेक्षा जुने शब्द वेगात ओळखण्याचा सराव जास्त उपयोगी पडतो.

तिसऱ्या दिवशी शब्दार्थ पाहावेत. प्लेको हा फोनवरचा शब्दकोश नेटवर्कशिवाय चालतो आणि अक्षर बोटाने लिहूनही शोधू देतो, त्यामुळे पावसात टॉवर बंद पडणाऱ्या गावात तो छापील कोशाइतका भरवशाचा आहे. उजळणीसाठी अँकीसारखे कार्डांचे अॅप वापरायचे असेल तर कार्डावर सुटा शब्द न ठेवता पाठातले पूर्ण वाक्य आणि त्याचा आवाज ठेवावा. दररोजच्या नव्या कार्डांची संख्या कमीच ठेवावी, नाहीतर गणपतीच्या सुट्टीनंतर साचलेल्या उजळणीचा डोंगर पाहून अॅपच काढून टाकले जाते.

वर्गानंतरचे काम दोन प्रकारचे आहे. एक, मूळ आवाजाच्या मागोमाग, त्याच वेगात, त्याच चढउतारांनी वाचणे. दोन, पुस्तक मिटून तोच मजकूर स्वतःच्या शब्दांत दोन मिनिटे सांगणे. चिनी शिक्षक या दुसऱ्या प्रकाराला फार महत्त्व देतात आणि तोंडी परीक्षेतही तो विचारला जातो. सांगताना जिथे अडखळायला होते तिथली रचना पक्की झालेली नाही, असे समजून तेवढेच वाक्य पुन्हा ऐकावे.

वर्गासाठी मांडवी किंवा तुतारी एक्सप्रेसने ये-जा करणाऱ्यांना या कामासाठी प्रवासाचे तास आयते मिळतात, मात्र ध्वनिमुद्रण आधी फोनवर उतरवून घेतलेले असावे. कोकण रेल्वेच्या बोगद्यांत नेटवर्क जाते, आणि रत्नागिरीजवळचा कारबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांच्या वेळा बदलतात, तेव्हा जून ते ऑक्टोबरच्या काळात शनिवारचा पहिला तास बुडण्याची शक्यता धरून शिक्षकांशी, म्हणजे आपल्या लाओशींशी, सत्राच्या आरंभीच बोलून ठेवावे.

अक्षरे: किती लिहायची आणि कशी लक्षात ठेवायची

पहिल्या वर्षी प्रत्येक अक्षर पंचवीस-तीस वेळा गिरवून चालते. दुसऱ्या वर्षी तो वेळ उरत नाही, आणि त्याची गरजही तितकी नाही. २०२१ च्या मानकांत ओळखायची अक्षरे एकूण ३००० असून त्यांपैकी हाताने लिहिता यावीत अशी फक्त १२०० आहेत. अर्थात विद्यापीठाची लेखी परीक्षा कागदावर असते, त्यामुळे पाठातील लिहायची अक्षरे वेगळी काढून तेवढीच श्रुतलेखनाने पक्की करावीत आणि उरलेली वाचून ओळखता आली की पुढे जावे.

बहुतांश चिनी अक्षरांचा एक भाग अर्थाचा इशारा देतो आणि दुसरा उच्चाराचा. पहिल्या वर्षी अर्थाच्या भागाकडे लक्ष दिले जाते. दुसऱ्या वर्षी उच्चाराच्या भागाकडे वळावे, कारण आता त्याच भागाची अक्षरे एकापाठोपाठ भेटू लागतात. छिंग असा उच्चार असलेला एक घटक घेऊ. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब लावले तर स्वच्छ, बोलण्याचे चिन्ह लावले तर विनंती, हृदयाचे लावले तर भावना आणि सूर्याचे लावले तर निरभ्र असे अर्थ होतात. चारही अक्षरांचा उच्चार छिंगच, सूर तेवढा बदलतो. वहीत अक्षरे धड्यांच्या क्रमाने न लिहिता अशा कुटुंबांनी लिहिली की एका नव्या अक्षरासोबत तीन जुनी उजळली जातात. उच्चाराचा इशारा नेहमी खरा ठरत नाही, आणि अर्थाचाही नाही: कोळंबी आणि खेकडा यांच्या अक्षरांत माशाचे चिन्ह असेल असे किनाऱ्यावरच्या कोणालाही वाटेल, पण तिथे कीटकाचे चिन्ह आहे.

व्याकरण: मराठी कुठे हात देते, कुठे पाय ओढते

पुस्तके इंग्रजीतून असतात आणि वर्गातले स्पष्टीकरणही बरेचदा इंग्रजीतून होते, त्यामुळे विद्यार्थी चिनी वाक्याचे आधी इंग्रजी करतो आणि मग मराठी. हा वळसा अनेक ठिकाणी निरर्थक आहे. काल आलेला माणूस, आईने केलेली आमटी, मी विकत घेतलेले पुस्तक अशा रचनांत विशेषणाचा सारा भाग नामाच्या आधी येतो. चिनीतही तो आधीच येतो आणि मध्ये त हा प्रत्यय लागतो. इंग्रजीतून जाणाऱ्याला हे वाक्य उलटे करावे लागते, मराठीतून जाणाऱ्याला नाही. स्थळ आणि काळ क्रियापदाच्या आधी येणे, ऐकणाऱ्याला धरून आपण आणि त्याला वगळून आम्ही असा उत्तर चीनच्या बोलीत आढळणारा भेद, तू आणि तुम्ही यांच्यासारखे नी आणि निन, हे सारे आपल्याला वेगळे शिकावे लागत नाही.

दुसऱ्या वर्षाचे खरे ओझे म्हणजे क्रियापदाला जोडून येणारी परिणामदर्शक पूरके. इथेही मराठीची जाण कामी येते. शोधणे आणि सापडणे या आपल्यासाठी दोन वेगळ्या क्रिया आहेत: शोधले, पण सापडले नाही. चिनीत चाओ म्हणजे शोधणे, आणि त्याला पोहोचण्याच्या अर्थाचे ताओ जोडले की सापडणे. तसेच थिंग म्हणजे ऐकणे आणि थिंगतोंग म्हणजे ऐकून समजणे. या दोहोंच्या मध्ये त घातला की ऐकून समजू शकतो असा अर्थ होतो, पु घातला की समजू शकत नाही असा. थिंग पु तोंग हे वाक्य पहिल्या दिवसापासून सगळेच म्हणतात. त्यामागची रचना मात्र आता शिकायची असते, आणि ती कोणत्या क्रियापदाला कोणते पूरक लागते अशा जोड्यांनीच शिकावी, नियमांनी नव्हे.

पा ही रचना वर्गात अवघड म्हणून सांगितली जाते. तीत कर्म क्रियापदाच्या आधी येते, म्हणजे दार बंद कर हा आपलाच क्रम. म्हणूनच मराठी विद्यार्थी तिला घाबरत नाही, उलट ती जिथे तिथे वापरतो. दोन अटी लक्षात ठेवाव्यात: कर्म बोलणाऱ्या-ऐकणाऱ्याला माहीत असलेले, ठरावीक असले पाहिजे, आणि क्रियापद एकटे उभे राहू शकत नाही, त्याच्यामागे परिणाम, स्थान किंवा असेच काहीतरी आले पाहिजे. माहीत असणे, आवडणे, दिसणे अशा ज्या क्रियांनी कर्मात काही फरक पडत नाही, त्यांच्यासोबत पा चालत नाही.

सर्वांत मोठा फसवा प्रत्यय ल हा आहे. केले, गेले, खाल्ले यांच्या सवयीने तो भूतकाळाचा प्रत्यय वाटतो आणि प्रत्येक भूतकाळी वाक्याला चिकटवला जातो. तो क्रियेची पूर्तता सांगतो, काळ सांगत नाही. काल खूप थंडी होती या वाक्यात तो येत नाही. लहानपणी मी रोज समुद्रावर जात असे, यातही येत नाही. आणि मेई लावून नकार केला की तोही सहसा गळतो. याउलट उद्या जेवल्यावर जाईन या भविष्यकाळी वाक्यात जेवण्याच्या क्रियेला तो लागतो. मराठीतल्या जेवल्यावर या रूपातही क्रिया पुरी झाल्याचाच अर्थ आहे, काळाचा नाही, हे ध्यानात ठेवले तर केले-गेलेच्या सवयीतून बाहेर पडणे सोपे जाते. दुसरा सापळा कालावधीचा: दोन तास अभ्यास केला असे म्हणताना आपण दोन तास आधी ठेवतो, चिनीत ते क्रियापदाच्या मागे जातात.

मोठ्या संख्यांबाबत इंग्रजी पुस्तके हजार आणि दशलक्षांतून रूपांतर करायला लावतात. चिनीत दहा हजारांना वान हे स्वतंत्र एकक आहे, म्हणून लाख म्हणजे दहा वान, कोटी म्हणजे एक हजार वान आणि दहा कोटी म्हणजे एक यी. दीड लाख म्हणजे पंधरा वान, हे थेट मराठीतून करण्याची सवय लावावी. श्रवणाच्या प्रश्नपत्रिकेत लोकसंख्या आणि किमती हमखास येतात.

बोलण्याची सोय

चिनी बोलणाऱ्यांशी संपर्क ठेवण्याची रूढ साधने भारतात आता उघड नाहीत. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ अॅपवर बंदी घातली त्यांत वीचॅट, टिकटॉक आणि बाइडूचे भाषांतर अॅपही होते. तेव्हा भाषेची देवाणघेवाण ई-मेल किंवा नेहमीच्या व्हिडिओ बैठकीवरूनच ठरवावी लागते. पेकिंग विद्यापीठात हिंदी शिकवली जाते, आणि भारतीय भाषा शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यालाही बोलायला कोणी हवेच असते. आपल्या विभागातील प्राध्यापकांमार्फत असा जोडीदार शोधणे अनोळखी अॅपवर शोधण्यापेक्षा सुरक्षित आहे. अर्धा तास हिंदी, अर्धा तास चिनी असा करार आधीच करावा, नाहीतर सारा तास इंग्रजीत जातो.

जोडीदार मिळेपर्यंत वर्गातल्याच दोघा-तिघांनी आठवड्यातून एकदा फोनवर चिनीत बोलावे. एकमेकांच्या चुका एकमेकांना लागतील ही भीती रास्त आहे, म्हणून विषय धड्याचाच ठेवावा आणि बोलणे ध्वनिमुद्रित करून शिक्षकांना अधूनमधून ऐकवावे. शिवाय प्रत्येकाने आपल्या परिसरावरचे चार-पाच विषय तयार ठेवावेत. पुस्तकात पेइचिंगची थंडी आणि भुयारी रेल्वे असते. आपल्याला कोणी विचारले तर आंबा, मासेमारी, पाऊस आणि गणपती यांबद्दल विचारणार. मांगक्वो (आंबा), याओक्वो (काजू), श्या (कोळंबी), युची (पावसाळा) हे शब्द पाठ्यपुस्तकाच्या यादीत फारसे नसतात, पण न्हावाशेवा बंदराशी संबंधित कामात, मासळीच्या निर्यातीत किंवा जहाजावर नोकरी करू पाहणाऱ्याला ते आधी लागतात. ज्यांच्या ओळखीत काजू किंवा बर्फाच्या कारखान्यात चिनी यंत्र आले असेल त्यांनी त्याची माहितीपुस्तिका मागून घ्यावी. सूचनांची भाषा तीच ती असते, वाक्ये आखूड असतात आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वाचता येईल असा तो पहिला खराखुरा मजकूर ठरतो.

परीक्षा

विद्यापीठाची परीक्षा आणि एचएसके यांची तयारी एक नाही. विद्यापीठात भाषांतर, निबंध आणि हस्तलेखन यांना वजन असते, एचएसकेत वेगाला. जुन्या रचनेच्या तिसऱ्या पातळीत श्रवणाचा प्रत्येक प्रश्न दोनदा ऐकवला जातो, चौथीत एकदाच, आणि एकूण १०० प्रश्नांपैकी ४५ श्रवणाचे असतात. ज्याने वर्षभर धडा आधी ऐकण्याची सवय ठेवली आहे त्याला हा फरक जड जात नाही. ज्याने ठेवलेली नाही त्याने तिसरीच द्यावी, असे माझे मत आहे. दोन्ही पातळ्यांना ३०० पैकी १८० गुणांवर उत्तीर्ण होता येते. संगणकावर दिल्या जाणाऱ्या परीक्षेत अक्षरे पिन्यिनने टंकलिखित करता येतात, त्यामुळे हस्तलेखन कच्चे असलेल्यांना ती सोयीची पडते. केंद्रे मोठ्या शहरांत असतात. अर्ज करताना केंद्र, परीक्षेचे स्वरूप आणि ती जुन्या पातळ्यांनुसार आहे की नव्या, या तीनही गोष्टी अधिकृत संकेतस्थळावर तपासाव्यात, आणि पावसाळ्यातली तारीख घेतल्यास आदल्या दिवशीच पोहोचावे.

तैवानची शिष्यवृत्ती मनात असेल तर तिथली परीक्षा टीओसीएफएल ही वेगळी आहे आणि तैवानमधल्या व्यवहारात चीनमधील सरलीकृत नव्हे तर पारंपरिक अक्षरे चालतात. ही दिशा दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच ठरवून वाचनात दोन्ही लिप्या ठेवाव्यात, लिहिण्यात एकच. चीनमधील विद्यापीठात सप्टेंबरपासून शिकायचे असेल तर एचएसकेचे गुण प्रवेशासाठी दोन वर्षेच ग्राह्य धरले जातात हे लक्षात घेऊन, पदविकेची परीक्षा संपल्यावर लगेचच्या सत्रात, धडे ताजे असताना, ती द्यावी.